ठळक

दुपारी दगडावर चाटोरीच्या लग्नाचा फर्मा होता,
तुळशीनंतरची पहिली तिथी,
'आमचे येथे श्रीकृपेकरून' इथवर जुळलेला.
रेडिओवर बातम्यांच्या जागी सारंगी लागली ती थांबेचना,
आणि उंब्रीकर मालक चप्पल न घालता आत आले.
"सोड ते लग्न. जादा अंक काढायचा."

परभणीत आमचं सायंदैनिक अकराशे खपायचं.
मोठ्या टायपात 'ह' दोनच,
त्यातल्या एकाचा पाय सर्कशीच्या जाहिरातीत मोडलेला.
'हत्या'ला मी मोडका लावला,
चांगला ठेवला 'हुंदक्या'साठी.
हुंदक्याला त्या अंकात जागा उरली नाही.

मारणाऱ्यांची नावं औरंगाबादहून फोनवर आली,
खरखरीतून, एकेक अक्षर ओरडून.
माझ्या केसात 'सिं' कमी पडले.
सकाळीच छापलेलं हजूरासिंगाचं बिलबुक
अजून सुटायचं होतं,
त्याच्यातनं चिमट्यानं उचलले.
शाई ओली होती.

हजूरासिंग म्हणजे समोरचा,
ट्रॅक्टरचे पाटे, जीपचे रेडिएटर.
नांदेडात जन्मला, पंजाब बघितलेला नाही.
लेकरं मराठी शाळेत,
गुणवंतकौर बाजारच्या दिवशी
माझ्या बायकोसोबत अंबाडीच्या जुड्या निवडायची.
बिलाच्या माथ्यावर 'श्री वाहेगुरू प्रसन्न'.
पहिल्या वेळी मी विचारलं होतं, असं लिहितात का?
म्हणाला, "तुमच्याकडं लिहितात ना? मग लिव्ह की."

मालक माझ्या खांद्यावरून वाचत होते.
मी उलटं वाचतो, ते सुलटं शोधत होते.
एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले,
"हा ठळक घे."

जात-धर्माचा एक शब्द, दोन अक्षरांचा.
साधा काढला, ठळक बसवला,
ओळ घट्ट झाली म्हणून बाजूची एक फट काढली.
मिनिटभराचं काम.
दुसऱ्या कुणाचा हात होता असं मला म्हणता येत नाही.

रात्री एस.टी. स्टँडाकडून घोषणा आल्या.
फार नव्हते, पंधरा-वीस पोरं,
निम्म्यांना मी नावानं ओळखत होतो.
एक दगड पत्र्यावर वाजला.
मी आमच्या खिडकीच्या फटीतून बघितलं
आणि कडी घातली.

सकाळी पाटीवर लाल ऑक्साईडचा हात मारलेला.
त्याचा त्यानंच मारला होता, अंधारात,
'मोटर गॅरेज' तेवढं सोडून.
शेजाऱ्याला म्हणाला होता, "नांदेडला जाऊलालो, पोरांना घेऊन."
मीटरगेजच्या पहाटेच्या गाडीत
डोक्यावर बायकोची शाल घेऊन बसला होता, असं ऐकलं.

दिल्लीहून पुढे जे येत राहिलं
त्याला मालक म्हणाले, आकडे पक्के नाहीत.
ते गेलं चौथ्या पानावर,
सरकीच्या भावाखाली, सगळ्यात लहान टायपात.
तेही मीच जुळवलं.
टायर हा शब्द त्यात तीनदा होता.
मी समोरच्या बंद शटरकडे बघितलं नाही.

तेराव्याला शोकसभा झाली, फोटोला झेंडूचा हार.
माझी आई फोटोपुढं पदर धरून रडली,
तिला त्या बाईंनी एकदा गाडीतून हात केला होता म्हणे.
तिचं रडणं खरं होतं.
ते मी कुठल्या टायपात घ्यावं?

पौषात तो आला.
टेबलावरच्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातून
नेमका तोच ओढला, की आपसूक हाती लागला.
वाचला नाही. पालथा घातला.
आमचं यंत्र दाब जास्त द्यायचं,
ठळक अक्षरं कागदाच्या पाठीवर उठायची.
ग्रीसनं काळं झालेलं बोट
त्यानं त्या फुगवट्यावरून नेलं, परत आणलं.

मी म्हणालो, चहा सांगू?
"सांग."
कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्याकडं सरकवला, नेहमीसारखा.
मग म्हणाला,
"दोन बिलबुकं लागतात.
वाहेगुरू राहू दे वर.
नाव जरा बारीक घे."